फोडणीभर उजेड

नाना, आज नळाला पाणी आलं.

सकाळी गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला आणि मी सवयीनं तुमच्या दाराकडं पळालो. आधी टाकीचा पाइप लावायचा, मग माठ भरायचा, आणि तेवढ्यात आतून तुमची हाक यायची, "बालाजीराव, दुकान मांडा!" दुकान म्हणजे तुमचं न्हाणीघर. खिडकीला काळं कापड, दाराखालच्या फटीला जुनी सतरंजी, पाटावर औषधांच्या बाटल्या. फिल्म धुवायची ती दहा-बारा दिवसांनी नळाला पाणी येईल त्याच दिवशी, हा आपला नियम. पिंपात साठवलेल्या पाण्यानं धुतली की डाग राहतात, असं तुम्ही म्हणायचात.

आज दार मंजूताईंनी उघडलं. मी म्हणालो, "ताई, पाणी आलं."

"हो. मग?"

तुमची लेक आहेत त्या, पण पुण्यात राहणाऱ्या. पाण्याचा आणि तुमच्या फोटोंचा संबंध त्यांना कसा ठाऊक असणार? मी नुसता फ्रिजकडं बघत राहिलो. फ्रिजच्या दारात, विरजणाच्या वाटीशेजारी तुमचा शेवटचा रोल अजून तसाच आहे. आणि त्या रोलमधला शेवटचा फोटो तुमचा आहे. तुम्ही काढलेला नाही, तुमचा. तो मी काढलाय.

ताई तुमचा फोटो शोधून दमल्यात, नाना. उद्या तेरावा. पाटावर काहीतरी मांडायला हवं. कपाट उघडलं तर झाडंच झाडं. देवदार, वड, चिंच, आणखी कसलीकसली, सगळी म्हातारी, सगळी सांजेची. माणूस म्हणाल तर खोडापाशी उभा असलेला मी, तोही धुरकट. तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागं, मग तुम्ही कुठून सापडणार? आधार कार्डावरचा फोटो बघून ताई रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "हे बाबा नाहीत. हे कुणीतरी पकडून आणलेले गृहस्थ आहेत."

मग मी रोलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुण्यात एकजण अजून फिल्म धुतो, पण उद्यापर्यंत होणं शक्य नाही. "बालाजीभाऊ, तुम्ही तर एवढी वर्षं बघत आलात. तुम्हीच करा."

"बघितलंय ताई. केलं नाही कधी."

खरंच आहे ना ते? बाटल्या मी द्यायचो, पाणी मी ओतायचो, पण फिल्मला हात तुमचाच. आणि माझा हात कसा आहे ते तुम्हाला ठाऊक. खानावळीतून निघताना गॅसचं बटण बंद केलंय का बघायला मी परत जातो, चौकातून पुन्हा परत जातो. रोल बिघडला तर आभाळ कोसळत नाही, असं तुम्ही म्हटलं असतं. पण आजवर एखादा फोटो बिघडला की तुम्ही पुढच्या वर्षी तोच परत काढायचात. हा बिघडला तर परत काढायला तुम्ही नाही.

---

आपली ओळख भांडणातून झाली, हे ताईंना आज सांगितलं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत खानावळ. मी देगलूरकडचा, आठवीनंतर शाळा सुटलेला. वडील गेल्यावर चुलत्यानं एवढ्या लांब आणून शेगडीपुढं उभा केलेला. ताईंच्या आई, म्हणजे माई, गेल्यावर तुम्ही जेवायला तिथं यायला लागलात. पहिल्याच दिवशी ताटावरून मोठ्यानं विचारलंत, "हे वरण कुणी केलं?"

मी पळी हातात घेऊनच बाहेर आलो. वाटलं, पाल पडली का काय.

"मी केलं काका."

"यात लसूण आहे."

"व्हय, आहे."

"वरणात?"

"वरणातच घालतेत ना काका. चहात घालतेत का?"

सगळे हसले. आता मालक काढून टाकणार. पण तुम्ही वाटी पुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी परत आलात. "आजही लसूण?" "व्हय." "ठीक आहे. अजून पटलेलं नाही, म्हणून आलो." पुढं मी तुमच्यापुरतं वाटीभर वरण बाजूला काढून त्याला वेगळी फोडणी द्यायला लागलो, तुमच्या घरच्यासारखी, हिंगाची. तुम्ही त्याला एकदाही चांगलं म्हणाला नाहीत. पण भात दुसऱ्यांदा मागायला लागलात, त्यावरून मी समजायचं ते समजलो.

मग एक दिवस जेवण झाल्यावर हात धुता धुता म्हणालात, "तुला ओझं उचलता येतं का रे?"

"कशाचं?"

"तीन पायांचं."

ते तुमचं कॅमेऱ्याच्या तिपाईचं धूड मांडीवर आडवं धरून तुमच्या स्कूटरवर मागं बसलो आणि आपण खुलताबादला गेलो. डोंगराच्या कडेला ती जुनी चिंच. दिवस मावळत आलेला. मला वाटलं, हा माणूस उशिरा आला, आता फोटो कसला निघतोय. तुम्ही म्हणालात, दिवसा झाड पानांचं असतं, सांजेला खोडाचं होतं. पानं अंधारात गेली की मग वय दिसतं. शिवाय त्या वेळेला घडीभर वारा पडतो, फांदी हलत नाही.

"जा, टेकून उभा राहा."

"मी कशाला?"

"झाड केवढं आहे ते कळायला शेजारी माणूस लागतो. तू माझं माप."

उभा राहिलो. तुम्ही कॅमेऱ्याच्या बटणाची तार हातात घेतलीत, अंगठा दाबून धरलात आणि सुरू केलंत, "तेल... तापू दे... मोहरी..."

मी म्हणालो, "नाना, भूक लागली का? डबा आणलाय मी."

"हललास! हललास की रे गाढवा!"

परतताना स्कूटरवर सगळं समजावून सांगितलंत. सांजेला उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची खिडकी बराच वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात जे हललं ते फोटोत धूर होऊन जातं. किती वेळ उघडी ठेवायची ते तुम्ही पूर्वी आकड्यांनी मोजायचात, पण समोर झाड चांगलं असलं की उत्साहात आकडे पळायला लागायचे आणि फोटो काळाकुट्ट. तेव्हा माईंनी उपाय काढला. आकडे घाईनं म्हणता येतात, मोहरी घाईनं तडतडत नाही. मनातल्या मनात वरणाला फोडणी द्या, हळद पडली की बंद करा. पाटबंधारे खात्यात जन्मभर मिलिमीटरात नकाशे काढलेला माणूस, आणि झाडांचे फोटो काढायचा माईंच्या कढईवर. मला लई हसू आलं. पण त्या रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं, की दुसऱ्या खेपेला तुम्ही "तेल" म्हणाल्यापासून "हळद" म्हणेपर्यंत मला कसलीच काळजी वाटली नव्हती. तेवढा वेळ फक्त तेल तापत होतं.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, नाना. सांगायला हवं होतं.

---

मग दर वर्षी हिमाचल. खानावळीचे मालक कुरकुरायचे, तुम्ही त्यांना सफरचंदं आणून द्यायचात. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झाडाचं फोटू काढाया इतक्या लांब? आपल्या बांधावर बाभळी नायत का?" तुम्ही फोन घेऊन म्हणालात, "बाई, बाभळीसुद्धा काढू. आधी थोरल्यांना भेटून येतो." आईला ते पटलं. थोरल्यांना भेटायला जाणं तिला कळतं.

बस घाटात वळली की मी डोळे मिटायचो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काहीच नाही. मी विचारायचो, "नाना, पडली तर?" तुम्ही शेंगदाणे खात म्हणायचात, "पडली तर दोघं पडू. तू एकटा थोडाच आहेस." याला काय धीर देणं म्हणतात? पण मला त्यानंच धीर यायचा. घरापासून इतक्या लांब, जिथली भाषा येत नाही, जिथं श्वाससुद्धा अर्धाच भरतो, तिथं एक माणूस माझ्याबरोबर पडायला तयार आहे. आणखी काय पाहिजे होतं?

त्या वरच्या गावातला देवदार आठवतो का? आठवतोच. लाकडी देवळाच्या मागं उभा, बुंध्याभोवती आपल्या खानावळीतली सगळी गिऱ्हाइकं हात धरून उभी राहिली तरी पुरणार नाहीत एवढा. पहिल्या वर्षी पुजाऱ्यानं अंगणाच्या दाराशीच अडवलं, "बाबूजी, चमडा उधर रखो." तुमच्या कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा, तो काढला. बूट काढले. मग त्यानं माझ्या कमरेकडं बोट केलं. तीन दिवसांच्या प्रवासात मी निम्मा झालो होतो, पट्टा काढल्यावर पँट राहीना. एका हातानं पँट धरून मी त्या देवदाराला टेकून उभा राहिलो आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं फोडणी दिलीत. त्या फोटोत मी सगळा धूर आहे, पण एक मूठ तेवढी कोरल्यासारखी स्पष्ट आलीय. ती सोडायची सोयच नव्हती.

आपलं दुसरं भांडण त्याच फोटोवरून. आईला पाठवायला माझा एक तरी नीट फोटो काढा, असं मी मागं लागायचो. "तू नीट उभा राहा, मी नीट काढतो." "मग मोबाइलवर दिवसा काढा की." "दिवसाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत." शेवटी मी तो मुठीचाच फोटो घरी पाठवला. आईनं तो चौकटीत घालून भिंतीला लावला. पाहुणे विचारतात, हे कोण धुरासारखं? आई म्हणते, "आमचा बालाजी हाय. डोंगरात गेला की असाच दिसतो." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून किती वेळ पुसत बसला होतात.

आणि फोटोच्या मागं दोन ओळी लिहायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलंत. मी म्हणालो, माझं शुद्धलेखन चांगलं नाय. तुम्ही म्हणालात, झाड काही वाचत नाही. नुसतं झाडाचं नाव लिहू नको, वारा कसा होता, काय खाल्लं, काय वाटलं ते लिही. एकदा मी लिहिलं होतं, "देवदार. लई थंडी. नाना चिडले होते पण माझ्यावर नाही." ते वाचून तुम्ही खोडलं नाहीत, खाली लिहिलंत, "तुझ्यावरच चिडलो होतो." शाळा सुटल्यावर हातातनं गेलेली लेखणी तुम्ही अशी परत आणून दिलीत, त्याचा गाजावाजा न करता. आज हे सगळं लिहितोय ते त्या फोटोंच्या पाठीवर शिकलेलं आहे. फक्त यावेळी पाठ जरा मोठी लागली.

---

यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा तुमचे गुडघे बोलायला लागले होते. देवळापर्यंतच्या चढाला तुम्ही पुन्हा पुन्हा बसलात. मी म्हणालो, "राहू द्या नाना, खालूनच काढू." तुम्ही म्हणालात, "थोरल्यांना खालून नमस्कार करत नाहीत." पोचलो तोवर उजेड जायला लागला होता. मी पट्टा काढून, पँट धरून सवयीनं खोडाकडं निघालो.

"इकडं ये. आज तू दाब."

"नाना, रोलमध्ये एकच उरलाय."

"म्हणूनच."

"बिघडला तर?"

"बिघडू दे. मला एकदा तिकडून बघू दे. एवढी वर्षं तिथं उभा राहून तू काय बघत असतोस ते."

काठी टेकत तुम्ही गेलात. एक हात खोडावर ठेवलात, जसा एखाद्याच्या खांद्यावर ठेवतात. कॅमेऱ्यातून तुम्ही केवढेसे दिसत होता! इतकी वर्षं तुम्ही मला असं केवढंसं बघत होता आणि तरी गाढवा म्हणून हाक मारत होता. तारेवर अंगठा ठेवला. दाबला.

"तेल... तापू दे... मोहरी... तडतडू दे... जिरं..."

आणि तिथं माझं तोंड आपोआप घसरलं. रोज दोन वेळा पन्नास माणसांची फोडणी देणारं तोंड ते. हिंगाच्या जागी निघालं, "लसूण."

आता लसूण टाकला तर तो कच्चा कसा सोडायचा? हाताला तशी सवयच नाही. "लाल होऊ दे... कढीपत्ता... मिरची..." पार अंधारून आलं होतं. मग कुठं हळद. अंगठा सोडला तेव्हा मला घाम फुटला होता, त्या थंडीत.

झाडाकडून आवाज आला, "लसूण? लसूण कुठून आला?"

"चुकून पडला नाना."

"चुकून? तीन वरणं झाली असती एवढ्यात! करपला असेल फोटो!"

"करपला नसेल. लाल झाला असेल."

तुम्ही हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत. मुळावर बसलात, मी पाणी दिलं. मग घाबरत विचारलं, "नाना, तुम्ही हललात का हो?"

"मी? मी माप आहे. मी कशाला हलतोय?"

"खरंच नाही?"

"पाणी आलं की बघू."

परत आलो. रोल फ्रिजमध्ये गेला. पाणी यायचं होतं त्याच पहाटे तुम्ही झोपेत गेलात. त्या दिवशी गल्लीत पाणी आलं, ते तुम्हाला पोचवून आलेल्या माणसांच्या हातापायांवर गेलं. मीच ओतत होतो.

---

तर आज दुपारी दुकान मांडलं. औषधाच्या बाटल्या सकाळपासून माठातल्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या, या उन्हात नळाचं पाणी फिल्मला चटका देतं म्हणून. खिडकीला कापड लावलं, सतरंजी लावली. मग ती काळी पिशवी, जिच्या बाह्यांतून हात घालून आत, न बघता फिल्म चक्रीवर चढवायची. फिल्मचा एक वेढा दुसऱ्याला चिकटला तर तिथं कायमचा डाग. तो डाग नेमका कुठं पडणार, हे मला दिसायलाच लागलं होतं.

हात पिशवीत घातले आणि बोटं ऐकेनात. फिल्मचं टोक खाचेत जाईना. ताई दाराबाहेर पाटावर बसल्या होत्या.

"बालाजीभाऊ? जमतंय ना?"

"ताई, काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"माईंचं वरण सांगा. फोडणी कशी द्यायच्या ते."

मग त्या हळूच म्हणाल्या, "लहानपणी बाबा मला पण झाडाशी उभं करायचे. वेरूळच्या वाटेवर वड होता. मी पळून जायचे."

"मला पळायला जागा नव्हती ताई. एका बाजूला दरी होती."

त्या हसल्या. आणि दाराला टेकून, माईंच्याच ठेक्यात असणार, सांगायला लागल्या. "तेल. तापू दे. मोहरी. तडतडू दे, घाई नको. जिरं. हिंग, चिमटीभर..." मग "हळद." पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या म्हणत राहिल्या आणि माझी बोटं फिल्म गुंडाळत राहिली. बाहेर तुमची लेक, आत मी, मध्ये दार, आणि सगळ्या घरात माईंची फोडणी. अशी चक्री भरली.

पुढचं तुम्ही केलं असतं तसंच केलं. चक्री डब्यात बंद केली, औषध ओतलं, डबा हलवला, काढलं, दुसरं ओतलं. ताजं पाणी सोडलं. मग डबा उघडला, फिल्म बाहेर ओढली आणि दार उघडून ताईंना म्हणालो, "या. मला एकट्याला बघवत नाही."

खिडकीचं कापड काढून उजेडात धरली. सगळी झाडं आली होती. आणि अगदी टोकाला, शेवटची चौकट.

नाना, करपला नाही. देवदार असा आलाय की सालीची एकेक भेग मोजावी. तुमचे देवदार काळे येतात, गूढ येतात, ते मला आवडतातच. हा उघडा आलाय, आतलं दाखवतोय. यातलं बरोबर कुठलं ते मला माहीत नाही. खाली तुमचे मोजे, काठी, खोडावरच्या हाताची पाचही बोटं, स्वेटरचा गळा, सगळं स्पष्ट. निगेटिव्हच्या उलट्या रंगांमुळं पांढरे केस काळेभोर. आणि त्या केसांखाली दोन चेहरे. एक समोर बघणारा, शहाणा, पुसट. दुसरा मान मागं टाकून तोंड उघडून हसणारा, तोही पुसट. एकातून दुसऱ्यात गेलेला.

ताईंनी फिल्म डोळ्यांजवळ नेली. "हलले," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "अहो, बाबा हलले!" आणि पाटावर बसून हसत रडायला लागल्या.

लसणाला हललात, नाना. "मी माप आहे," म्हणत होतात. एवढी वर्षं मला गाढव म्हणालात, आणि एका लसणाला हललात. मी खाली मान घालून उभा होतो, पण पोटातून असा आनंद होत होता की काय सांगू. तिथं उभं राहून मी काय बघत असतो, ते अखेर तुम्हाला कळलं. मी तुमचं तोंड बघत असायचो. फोडणी देताना तुमचं तोंड इतकं गंभीर असायचं की हसू आवरायचंच नाही. म्हणून मी हलायचो. भीतीनं नाही हो. पहिल्या एकदोन वेळा असेल, पण नंतर भीतीनं नाही.

मी म्हणालो, "ताई, चेहरा नीट दिसत नाही. पाहुणे काय म्हणतील?"

"बाबा हसायला लागले की असेच दिसायचे. ज्याला नीट बघायचंय त्यानं आधार कार्ड बघावं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "हाच लावायचा."

मी त्यांना आईच्या भिंतीवरच्या फोटोचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता दोघं सारखे झालात."

---

आता फिल्म न्हाणीघरात दोरीवर चिमट्यानं लटकतेय, तुमच्या टॉवेलशेजारी. वाळली की कागदावर उतरवू. दोन काढणार आहे. एक उद्या पाटावर. दुसरा पुढच्या वर्षी त्या देवळाच्या पुजाऱ्याला नेऊन देईन. बस घाटात वळली की डोळे मिटीन, पण जाईन. तुम्ही त्याला दर वर्षी मागच्या वर्षीचा फोटो द्यायचात, यंदाचा राहायला नको. पट्टा न लावताच जाईन, म्हणजे दाराशी खोळंबा व्हायचा नाही.

ताई सकाळपासून जेवल्या नाहीत, म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात डाळ शिजवली. खिडकीतून तोच उजेड येत होता, जाता जाता रेंगाळणारा. बाहेर वारा पडला होता. मी कढई ठेवली. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं टाकलं. ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लसूण घालणार का?"

सोललेला लसूण ओट्यावर ठेवलेला होता. त्यांना आवडला असता. फोटोनंसुद्धा बहुतेक माझ्याच बाजूनं कौल दिलाय.

मी हिंग घातला. मग हळद. गॅस बंद केला.

लसूण अजून तसाच ओट्यावर आहे, नाना. तुम्ही पहिल्यांदा वाटी पुसून खाल्लीत त्या दिवसापासून हे भांडण चालू आहे, आणि माझ्याकडं तुमचं म्हणून जे काही आहे त्यात हे सगळ्यात ताजं आहे. इतक्यात मिटवायचं नाय मला.